विडुकिंड : एक योद्धा, चार स्मारके आणि वर्गासाठी पाच प्रश्न



दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात पहिलाच पाठ इतिहासलेखनाचा आहे. त्यात लिओपॉल्ड फॉन रांके हे जर्मन इतिहासकार भेटतात. मूळ कागदपत्रे तपासा, काल्पनिकता टाळा, असा त्यांचा आग्रह होता. मुलं हे मुद्दे पाठ करतात, गुणही मिळवतात. पण 'मूळ कागदपत्रं तपासून नेमकं काय हाती लागतं?' असा प्रश्न विचारला, की वर्ग शांत होतो.

यासाठी एखादं उदाहरण हवं. आपल्याजवळचं उदाहरण घेतलं, तर अर्धा वर्ग आधीच बाजू घेऊन बसलेला असतो, आणि मग विचार मागे पडून आवाज पुढे येतो. म्हणून आज मी मुद्दाम दूरचं उदाहरण घेते आहे. बाराशे वर्षांपूर्वीचा एक सॅक्सन योद्धा आणि त्याच्या स्मारकांवरून त्याच्याच मुलखात झालेले वाद. आपल्या वर्गात कुणीच सॅक्सन नाही, त्यामुळे सगळ्यांना मोकळेपणाने विचार करता येतो. चला तर मग, पाहूया.

कोण हा विडुकिंड?

आजच्या जर्मनीच्या वायव्य भागात आठव्या शतकात सॅक्सन लोक राहत. (त्यांच्यातलेच काही गट त्याआधी समुद्र ओलांडून इंग्लंडला गेले होते. 'अँग्लो-सॅक्सन' हा शब्द तिथला.) त्यांना एक राजा नव्हता. वेगवेगळे सरदार आणि त्यांचे प्रदेश होते. धर्म त्यांचा जुना, निसर्गदेवतांचा.

शेजारी होते फ्रँक लोक. त्यांचा राजा कार्ल, म्हणजे आपण ज्याला शार्लमेन म्हणून ओळखतो तो. तो ख्रिस्ती होता आणि राज्य वाढवत होता. इ.स. ७७२ मध्ये त्याने सॅक्सनांवर स्वारी केली आणि त्यांचा 'इर्मिन्सूल' नावाचा पवित्र स्तंभ पाडून टाकला. तिथून सुरू झालेलं युद्ध मध्ये मध्ये थांबत ८०४ पर्यंत चाललं. म्हणजे ३२ वर्षं!

या युद्धात ७७७ साली विडुकिंडचं नाव पहिल्यांदा येतं. शार्लमेनने पाडेरबोर्न इथे सभा बोलावली. बरेच सॅक्सन सरदार हजर झाले, विडुकिंड गेला नाही. तो डेन लोकांच्या राजाकडे निघून गेला. पुढे तो परत आला आणि बंड उभं केलं. ७८२ मध्ये झ्युन्टेलच्या डोंगराळ भागात सॅक्सनांनी फ्रँक सैन्याचा मोठा पराभव केला.

शार्लमेनने त्याचा सूड घेतला. फ्रँक दरबाराच्या वार्षिक नोंदीत लिहिलं आहे, की फेर्डन या गावी एका दिवसात ४,५०० सॅक्सनांचा शिरच्छेद करण्यात आला. हे बंडखोर कुणी पकडून दिले? सॅक्सन सरदारांनीच. आणि विडुकिंड? तो पुन्हा निसटला होता.

तीन वर्षांनी, ७८५ मध्ये, विडुकिंड शरण आला. आजच्या फ्रान्समधल्या अतिन्यी इथे त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धर्मपिता कोण झाला, सांगा बरं? स्वतः शार्लमेन! त्याने त्याला भेटवस्तूही दिल्या. यानंतर विडुकिंड नोंदींमधून जवळजवळ नाहीसाच होतो. तो कुठे राहिला, केव्हा वारला, याची एकही खात्रीची नोंद नाही.

आता मुलांच्या जागी बसून ही गोष्ट ऐका. कुणीतरी विचारणारच, "मॅडम, हा शूर की पळपुटा? ४,५०० लोक मेले आणि हा मात्र वाचला. मग त्याचा पुतळा कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. आणि उत्तर सोपं नाही.

हे आपल्याला कुणी सांगितलं?

रांकेंचा मुद्दा इथे कामाला येतो. वरची सगळी माहिती कुठून आली? फ्रँकांकडून. सॅक्सनांनी स्वतः त्या काळात काहीही लिहून ठेवलेलं नाही. म्हणजे विडुकिंडची गोष्ट आपण त्याच्या शत्रूच्या वहीतून वाचतो.

४,५०० हा आकडाही त्याच वहीतला आहे. त्यावर इतिहासकारांत बराच वाद झाला. काहींनी असंही सुचवलं, की लॅटिन नोंदीत नकल करणाऱ्याची चूक झाली असावी. मूळ शब्द 'डेलोकाटी', म्हणजे 'दुसरीकडे हलवलेले', असावा आणि त्याचं 'डेकोलाटी', म्हणजे 'शिरच्छेद केलेले', झालं असावं. दोन-तीन अक्षरांचा फरक! बहुतेक इतिहासकारांना ही दुरुस्ती पटत नाही. आकडा फुगवलेला असू शकतो, पण मोठी कत्तल झाली, असंच ते मानतात. फळ्यावर हे दोन शब्द एकाखाली एक लिहून पाहा. कागदपत्रं तपासणं म्हणजे काय, ते मुलांना एका मिनिटात कळतं.

दुसरा पुरावा कायद्याचा. शार्लमेनने सॅक्सनांसाठी केलेला कायदा उपलब्ध आहे. बाप्तिस्मा नाकारला तर मृत्युदंड. जुन्या रीतीने प्रेत जाळलं तर मृत्युदंड. चर्चसाठी उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यायचा. गंमत म्हणजे शार्लमेनच्याच दरबारातला विद्वान आल्क्विन याने पत्रांतून यावर नाराजी कळवली होती. श्रद्धा जबरदस्तीने लादता येत नाही, आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांवर लगेच हा कर बसवू नये, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे 'त्या काळी सगळेच तसे वागत' हे वाक्य आपण फार सहज वापरतो. त्या काळातही हे चूक आहे म्हणणारा माणूस होता.

स्मारक पहिले : एंगरचे थडगे

वेस्टफालिया भागात एंगर नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या चर्चमध्ये विडुकिंडचं म्हणून एक थडगं दाखवतात. वरच्या दगडी शिळेवर त्याची प्रतिमा कोरलेली आहे. पोशाख राजाचा, हातात राजदंड. ही शिळा साधारण इ.स. ११०० च्या सुमाराची. म्हणजे विडुकिंडनंतर तीनशे वर्षांनी घडवलेली!

जो कधी राजा नव्हता, त्याला राजा का केलं? कारण तोवर काळ उलटला होता. विडुकिंडचा नातू वाल्टबर्ट याने ८५१ मध्ये रोमहून एका ख्रिस्ती संताचे अवशेष आपल्या मुलखात आणले. बंडखोराचा नातू चर्चचा आश्रयदाता झाला. पुढे जर्मन राजा पहिला हाइनरिश याची राणी माटिल्डा विडुकिंडच्या कुळातली मानली गेली, आणि तिचा मुलगा पहिला ऑटो सम्राट झाला. राजघराण्याला पूर्वजही राजासारखाच हवा होता. त्या भागात लोक विडुकिंडला पुण्यपुरुष मानू लागले. १३७७ मध्ये सम्राट चौथा कार्ल स्वतः या थडग्याला भेट द्यायला आला.

या हाडांवरूनही दोन गावांत ओढाताण होती. १४१४ मध्ये एंगरचे धर्मगुरू शेजारच्या हेरफोर्डला गेले, तेव्हा अवशेष सोबत घेऊन गेले. ते एंगरला परत यायला १८२२ साल उजाडलं. चारशे वर्षं! आणि १९८३ मध्ये एका इतिहासकाराने नवीनच मुद्दा मांडला, की बाप्तिस्म्यानंतर विडुकिंड बहुधा दूर दक्षिणेकडच्या राइशेनाउ मठात संन्यासी म्हणून राहिला असावा. म्हणजे थडग्यात तो आहे की नाही, हेच मुळात ठरलेलं नाही.

तरीही एंगरमध्ये दरवर्षी ६ जानेवारीला त्याची आठवण म्हणून मुलांना 'टिम्पकेन' नावाचे छोटे पाव वाटतात. गावातल्या शाळेचं नाव विडुकिंड गिम्नाझियम आहे. तिथल्या मुलांसाठी तो गावचा माणूस आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

स्मारक दुसरे : हेरफोर्डचा पुतळा

१८७१ मध्ये जर्मनी एक राष्ट्र झालं. मग सगळीकडे राष्ट्रीय वीरांची स्मारकं उभी राहू लागली. या एकाच टापूत पाहा. १८७५ मध्ये डेटमोल्डजवळ रोमन सैन्याला हरवणाऱ्या हेरमानचा प्रचंड पुतळा आला. १८९६ मध्ये पोर्टा वेस्टफालिकाला विटेकिंड्सबेर्ग, म्हणजे विडुकिंडच्याच नावाच्या टेकडीवर, सम्राट विल्हेल्मचं स्मारक झालं. आणि १८९९ मध्ये हेरफोर्डमध्ये विडुकिंडचा पुतळा.

इथे विडुकिंड पुण्यपुरुष उरला नाही. तो 'आपला प्राचीन जर्मन वीर' झाला. आठव्या शतकात जर्मनी नावाचं राष्ट्रच नव्हतं, हा प्रश्न फारसा कुणाला पडला नाही.

स्मारक तिसरे : फेर्डनच्या ४,५०० शिळा

आता गोष्ट गंभीर होते. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. त्यांच्यातल्या एका गटाला चर्चचा राग होता. त्यांनी शार्लमेनला 'सॅक्सनांचा खाटीक' ठरवलं आणि विडुकिंडला जर्मन रक्ताचा रक्षक. १९३५ मध्ये एसएस या संघटनेचा प्रमुख हाइनरिश हिमलर याने फेर्डनजवळ 'साक्सनहाइन' उभारलं. नोंदीतला आकडा घेऊन तेवढ्याच, म्हणजे ४,५०० शिळा, वाटेच्या दोन्ही बाजूंना रोवल्या. त्याच वर्षी हागन शहरात विडुकिंडवरचं एक नाटक रंगमंचावर आलं. त्यातलं चर्चचं चित्रण पाहून कॅथलिक प्रेक्षक खवळले आणि मोठा गदारोळ झाला.

त्याच १९३५ मध्ये आठ जर्मन इतिहासकारांनी मिळून शार्लमेनवर एक पुस्तक काढलं आणि त्याला नुसतं खाटीक म्हणून मोडीत काढणं बरोबर नाही, अशी बाजू मांडली. खुद्द हिटलरलाही साम्राज्य जोडणारा शार्लमेन जवळचा वाटत होता. हळूहळू सरकारी सूर बदलला. शेवट कसा झाला पाहा. १९४२ मध्ये हेरफोर्डचा विडुकिंड युद्धासाठी धातू हवा म्हणून वितळवला गेला. १९४४ मध्ये फ्रेंच स्वयंसेवकांची एक तुकडी एसएसमध्ये उभी राहिली, तिचं नाव ठेवलं 'शार्लमेन'. ज्या संघटनेने त्याला खुनी ठरवून ४,५०० शिळा रोवल्या, तिनेच नऊ वर्षांत त्याचं नाव आपल्या सैनिकांना दिलं!

तेव्हा सांगा, हिमलरला त्या ४,५०० माणसांचं दुःख होतं का? त्याच काळात त्याची संघटना छळछावण्या चालवत होती. मेलेल्या सॅक्सनांचा त्याने फक्त वापर केला.

स्मारक चौथे : एंगरचे संग्रहालय

१९३९ मध्ये एसएसने एंगरच्या चर्चशेजारच्या एका जुन्या लाकडी चौकटीच्या घरात विडुकिंडचं 'स्मृतिस्थान' उघडलं. ज्या गावात लोक मुलांना पाव वाटून त्याची आठवण ठेवत होते, तिथे आता वंशाचा प्रचार आला.

युद्ध संपलं, नाझी गेले. पण थडगं, घर, शिळा सगळं तिथेच राहिलं. मग प्रश्न उभा राहिला, याचं करायचं काय?

वाद नेमका काय आहे?

या भागात गेली अनेक दशकं वेगवेगळी मतं मांडली गेली. ती साधारण अशी सांगता येतील.

१. *तो आमचा आहे.* नाझींनी बारा वर्षं त्याचं नाव वापरलं, पण आमची परंपरा शेकडो वर्षांची आहे. त्यांच्यामुळे आम्ही आमचा माणूस का सोडायचा?

२. *नाव आता डागाळलं आहे.* फेर्डनच्या शिळांचं अतिउजव्या गटांना आकर्षण वाटत आलं आहे. १९५२ मध्ये माजी वाफेन-एसएस सैनिकांचा मोठा मेळावा भरला, तो याच फेर्डन शहरात. स्मारक जपणं म्हणजे अशा लोकांना जागा देणं नव्हे का?

३. *तो शांतीचा माणूस होता.* त्याने शेवटी तलवार ठेवली आणि बाप्तिस्मा घेतला. चर्चच्या दृष्टीने तेच त्याचं मोठेपण.

४. *आपल्याला त्याच्याबद्दल फारच थोडं माहीत आहे.* मग इतक्या खात्रीने पुतळे कसले उभारता?

गंमत पाहा, चारही म्हणण्यांत तथ्य आहे. वर्गात चार गट करून एकेक बाजू द्या आणि दहा मिनिटांनी बाजू बदला. आपण ज्याला विरोध करत होतो, त्याच्या बाजूने बोलताना मुलांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

प्रत्यक्षात काय झालं? हेरफोर्डमध्ये १९५९ साली विडुकिंडचा पुतळा पुन्हा उभा राहिला. फेर्डनच्या शिळा हलवल्या नाहीत. ती जागा प्रोटेस्टंट चर्चच्या युवा केंद्राकडे गेली, म्हणजे जिथे एसएसचे मेळावे व्हायचे तिथे आता तरुण मुलांची शिबिरं होतात. एंगरमध्ये त्याच जुन्या घरात आज विडुकिंड संग्रहालय आहे. तिथे फक्त विडुकिंडची शौर्यगाथा सांगत नाहीत. त्याच्या नावाचा कुणी कसकसा उपयोग केला, हेही दाखवतात. त्यात नाझी काळही येतो.

मला या तिघांत एंगरचा मार्ग सगळ्यात चांगला वाटतो. पाडून टाकलं तर पुढच्या पिढीला काही कळणार नाही. नुसतं ठेवलं, तर जो आधी येईल तो आपली गोष्ट सांगून जाईल. ठेवून, सोबत ते कधी आणि कशासाठी उभारलं हे स्पष्ट लिहिलं, तर तेच स्मारक शिकवायला लागतं. अर्थात यात एक अट आहे. तिथे उभं राहून ती गोष्ट सांगणारं कुणीतरी हवं. दगड स्वतःहून खरं बोलत नाहीत. म्हणूनच हा विषय शिक्षकांचा आणि पालकांचा आहे.

कोण दिसत नाही?

आणखी एक बाजू सांगायला हवी. विडुकिंडसारख्या सरदारांचं शेवटी भलं झालं. त्यांची मुलं-नातवंडं फ्रँक राज्यात मानाने नांदली. सामान्य सॅक्सनांचं काय? त्यांना दशांश कर द्यावा लागला. ८०४ मध्ये तर हजारो कुटुंबं घरंदारं सोडून दूरच्या प्रदेशात वसवली गेली. ८४१ मध्ये साध्या, खालच्या थरातल्या सॅक्सनांनी उठाव केला. त्यांना 'स्टेलिंगा' म्हणत. जुने हक्क आणि जुने रिवाज परत मिळावेत, ही त्यांची मागणी. हा उठाव चिरडला गेला, आणि त्यात सॅक्सन सरदारांनी आपल्याच लोकांविरुद्ध राजाला साथ दिली.

विडुकिंडचं नाव रस्त्यांना, टेकडीला, शाळेला आहे. स्टेलिंगातल्या एकाही माणसाचं नाव सहज कुणाच्या तोंडी येत नाही. फेर्डनच्या ४,५०० पैकीही आपल्याला कुणाचं नाव माहीत नाही. मुलांना हे नक्की सांगा.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

पुढचे पाच प्रश्न मुलांना वहीत लिहून द्या. कोणत्याही पुतळ्यासमोर, समाधीसमोर किंवा स्मृतिस्तंभासमोर ते विचारता येतात.

१. हे स्मारक कुणाचे आहे, आणि ती व्यक्ती कोणत्या काळातली?
२. ते कोणत्या साली उभारले? मधे किती वर्षे गेली?
३. ते कुणी उभारले, आणि त्या वेळी त्यांना या व्यक्तीची गरज का वाटली?
४. त्या व्यक्तीची माहिती कुणी लिहून ठेवली आहे? मित्राने, शत्रूने, की खूप नंतरच्या माणसाने?
५. या गोष्टीत असलेले, पण स्मारकात न दिसणारे लोक कोण?

विडुकिंडची चार स्मारकं घेऊन मुलांना तक्ता करायला सांगा. इ.स. ११०० च्या सुमाराला तो राजा, १८९९ मध्ये राष्ट्रवीर, १९३५ आणि १९३९ मध्ये वंशाचा रक्षक. माणूस एकच, बदलले ते उभारणारे. तक्ता पूर्ण झाला, की हे मुलंच तुम्हाला सांगतील. आपण सांगायची गरजही पडत नाही.

'शूर की पळपुटा?' या प्रश्नाचं उत्तर मात्र घाईने देऊ नका. ७८५ साली विडुकिंडसमोर काय होतं, ते आधी मांडा. तेरा वर्षांची लढाई, हजारो मृत्यू, बाप्तिस्मा नाकारणाऱ्याला मृत्युदंड. लढत राहिला असता तर आणखी किती माणसं गेली असती? आणि शरण गेल्यावर मागे राहिलेल्यांना काय वाटलं असेल? मुलांना दोन्हींवर पाच-पाच ओळी लिहू द्या. गुण उत्तराला देऊ नका, कारणांना द्या.

पालकहो, सुट्टीत मुलांना घेऊन कुठेही जाल, तर फोटो काढून झाल्यावर एक काम करा. स्मारकाच्या खालची पाटी मोठ्याने वाचायला लावा. उभारल्याचं साल सापडलं, की तिसरा प्रश्न विचारा. उत्तर तुम्हालाही येत नसेल, तर फारच छान! घरी येऊन दोघं मिळून शोधा.

हा पाठ साधारण दोन तासिकांत होतो. पहिल्या तासिकेत गोष्ट आणि फळ्यावरचे ते दोन लॅटिन शब्द, दुसरीत गटचर्चा आणि तक्ता. तुमच्या वर्गात करून पाहा, आणि मुलांनी कोणता सहावा प्रश्न काढला, ते जरूर कळवा.